कोयनानगरचं स्थळ

माझ्या वडिलांसाठी स्थळ पाहायला मी गेले होते. ऐकायला उलटं वाटतं, पण झालं ते असंच झालं.

चौऱ्याहत्तर साल असेल. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. आमचे हे फौजेत, तेव्हा पठाणकोटला. सासर तासगावजवळच्या एका गावात. दिवाळीसाठी मी माहेरी इस्लामपूरला आले होते. मला भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना आप्पा ताटात बघत म्हणाले, "उद्या कोयनेला जाऊन येऊ. लय दिस झालं तू कुठं बाहेर गेली न्हाईस."

आप्पा म्हणजे माझे वडील. सांगली रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. ट्रक, ट्रॅक्टर, उसाला पाणी देणाऱ्या मोटारी, इंजिनं, काय येईल ते दुरुस्त करायचे. एक जुनं लेथ मशीन होतं, त्यावर सुटे भाग स्वतः करायचे. बोलणं कमी. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आत्या, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, आमच्याकडे राहून त्यांचं जेवणखाण बघत होती. तिचे मुलगे गावाकडे तिला परत बोलावत होते, नातवंडांना सांभाळायला. तिचे गुडघे धरले होते. पण भावाला टाकून जायचं कसं, म्हणून ती थांबली होती.

कोयनेला आप्पांचं जाणं-येणं होतं. तिथल्या कामावरच्या एका ठेकेदाराचे डंपर बिघडले की आप्पांना बोलावणं यायचं. तेव्हा मला वाटलं, आप्पांना काम असेल, आणि त्यात आम्हाला धरण दाखवायचं असेल.

सकाळी सहाला निघालो. आप्पांनी लष्कराच्या लिलावातून आणलेली जीप स्वतः उभी केली होती. तिला दारं नव्हती, त्यामुळे आत्या दोन्ही हातांनी पुढचा बार धरून बसली होती. नवं लुगडं नेसली होती. मांडीवर पिशवी. मी सहज डोकावले तर लाडू-चिवड्याच्या डब्याखाली नारळ आणि खण. वाटेत कुठल्या तरी देवीला जायचं असेल, असं मनात आलं आणि गेलं.

कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. एक ओलांडली की पुढे दुसरी. आप्पा हॉर्न वाजवत नसत. बैल बुजतात म्हणायचे. मलकापूर ओलांडून कराडात पोहोचायला नऊ वाजले. तिथे भजी आणि चहा झाला. कराड सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो तसे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ यायला लागले. नदी कधी डावीकडे दिसायची, कधी झाडीत जायची. हवा गार झाली. पाटणच्या अलीकडे जीप तापली, म्हणून आप्पा डबा घेऊन ओढ्यात पाणी आणायला उतरले.

ते दिसेनासे झाले तशी आत्या म्हणाली, "पोरी, तुला तुझ्या बाच्यानं सांगवंना, म्हनून म्या सांगती. आपन बाई बघाय चाललोय."

"कुणासाठी?"

"कुनासाठी म्हंजे? त्याच्यासाठी."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. "आत्या, आप्पांचं वय काय?"

"पन्नास. पन्नास म्हंजे काय म्हातारा झाला व्हय? मी आज हाय, उद्या न्हाई. त्याला कोन हाय?"

"मी आहे की."

"तू तासगावात. तुजा नवरा पंजाबात. कवा येनार तू त्याला भाकरी वाढाय?"

मी विचारलं, बाई कोण, कुठली. आत्याला थोडंच माहीत होतं. वाईकडची. नवरा कोयनेच्या कामावर होता, नऊ वर्षांपूर्वी काविळीनं गेला. मूलबाळ नाही. ऑफिसात नकाशे काढते.

"विधवा?" मी म्हणाले. माझ्या तोंडून तो शब्द जसा निघाला, त्याची मला आजही लाज वाटते. कारण शेजारी बसलेली आत्या चोविसाव्या वर्षी विधवा झाली होती.

ती रागावली नाही. ओढ्याकडे बघत म्हणाली, "व्हय, माझ्यासारखीच. मला तवा कुनी इचारलं न्हाई. इचारलं आस्तं तर म्या काय म्हनले आस्ते, ते बी मला म्हाईत न्हाई."

आप्पा पाणी घेऊन वर आले. आमची तोंडं बघून त्यांना समजलं. त्यांनी झाकण उघडलं, पाणी ओतलं, झाकण लावलं आणि जीप सुरू केली.

कोयनानगर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. धरण पाहायला माणसं येत. लांबून भिंत बघत, नाक्यावर चहा पीत आणि चिपळूणकडे उतरून जात. मागे एक अख्खं गाव आहे हे कोणाच्या गावी नसायचं. डोंगराच्या उतारावर पायऱ्या केल्यासारख्या चाळींच्या रांगा. सगळ्यांची छपरं पत्र्याची, सगळ्यांवर हिरवं शेवाळ. प्रत्येक दारावर काळ्या रंगात नंबर. मधे वर्कशॉप, त्याच्या अंगणात माणूस उभा राहील एवढाले लोखंडी पाइप, गंज चढलेली क्रेन, चाकं काढलेले डंपर. भोंगा झाला की रस्त्यावर एकदम माणसं. कोणी पंजाबी, कोणी आंध्रातले, कोणी केरळचे. एका हॉटेलच्या फळीवर मला न वाचता येणाऱ्या दोन लिपींतली पाटी होती. गावाला जत्रा नव्हती, पाटील नव्हता, कोणाचं शेत नव्हतं. सगळे कुठून तरी आलेले. सगळीकडे ग्रीसचा आणि ओल्या मातीचा वास. आप्पांनी तो वास छाती भरून घेतला.

तिच्या क्वार्टरला कुलूप होतं. शनिवार, अर्धा दिवस, पण ती अजून आली नव्हती. शेजारच्या दारातून एक केरळची बाई बाहेर आली. तिचा नवरा वेल्डर होता. आप्पांना बघून ती इतकी हसली की मला कळलं, ही ओळख आजची नाही. किल्ली तिच्याकडेच होती. तिनं आम्हाला आत बसवलं, आणि हिंदी-मराठी मिसळून मला म्हणाली, "ट्रेसरबाई को बुलाके लाव. तुम जाव. वो सीधा नीचे, लंबा ऑफिस."

मला जायचं नव्हतं. पण त्या खोलीत आप्पांच्या समोर बसायचंही नव्हतं. मी गेले.

ऑफिस म्हणजे लांबच लांब शेड होती. खिडक्याच खिडक्या. उतरत्या लाकडी पाट्यांची टेबलं, त्यांवर निळसर पांढरं, मेणासारखं चमकणारं कापड ताणून बसवलेलं. खालच्या कागदावरचा नकाशा शाईनं या कापडावर उतरवायचा, ते ट्रेसरचं काम. चार पुरुष होते आणि एक बाई. ती उंच स्टुलावर बसून, अंग पुढे घालून रेघ ओढत होती. अंगावर पांढरी, बारीक काठाची साडी. मनगटावर घड्याळ. कोपरापर्यंत जुन्या शर्टाच्या कापलेल्या बाह्या चढवलेल्या, घाम कापडाला लागू नये म्हणून. माझी सावली टेबलावर पडली असणार.

"एक मिनिट हं," ती मान न वळवता म्हणाली. "रेघ मधेच सोडली की जोड दिसतो."

तिनं श्वास धरला होता. हात हातभर लांब सरकत गेला. मीही श्वास धरला, का ते माहीत नाही. रेघ संपली, तिनं पेन उचललं, फडक्यानं पुसलं आणि मग माझ्याकडे वळली.

"तू त्यांची मुलगी. नाक तेच आहे."

बाकीचे चौघे आपापल्या टेबलांवर जास्तच खाली वाकले. सगळ्या वसाहतीला माहीत होतं. फक्त मला नव्हतं.

आम्ही दोघी चढ चढायला लागलो. ती चाळिशीच्या पुढची, सडसडीत, चष्म्याची. भरभर चालायची सवय असावी, पण माझ्यासाठी हळू चालत होती.

"तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"त्यांनी नाही सांगितलं. आत्यानं सांगितलं. पाटणच्या अलीकडे."

ती थांबलीच. "आज? वाटेत?" मग कपाळावर हात मारून म्हणाली, "मला म्हणाले, मुलीशी बोललोय. एवढ्या मोठ्या मशीनच्या पोटात हात घालतो हा माणूस, आणि मुलीला घाबरतो."

मला हसू आलं आणि ते आल्याचा राग आला.

ती म्हणाली, "हे बघ, तू मला काहीही विचार. चालून दाखव म्हणालीस तर चालतेच आहे. वाचून दाखव म्हणालीस तर वाचीन. सुईत दोरा ओवायला मात्र चष्मा पुसावा लागेल."

मी फटकन विचारलं, "तुम्हाला आता कशाला पाहिजे लग्न?"

तिनं सांगितलं. तिचं रेघा मारायचं पेन होतं, त्याचा रेघेची जाडी ठरवणारा बारका स्क्रू झिजला. वर्कशॉपमध्ये कोणी तेवढा बारीक करून देईना. एका डंपरच्या ड्रायव्हरनं ते पेन इस्लामपुरात माझ्या वडिलांकडे नेली. आप्पांनी पितळेचा स्क्रू करून पाठवला. सोबत आणखी एक, हरवला तर असावा म्हणून. पुढे ते कामाला इकडे आले तेव्हा, स्क्रू नीट बसला का, हे विचारायला ऑफिसात आले.

"मागच्या चैत्रात एका बोगद्याचा नकाशा पुरा केला," ती म्हणाली. "चार महिने चालला होता. घरी आले, पाय धुतले, आणि लक्षात आलं की हे सांगायला कोणी नाही. शेजारीण गुणाची आहे, पण तिला मी बोगद्याचं काय सांगणार? पंधरा दिवसांनी तुझे वडील आले, त्यांना सांगितलं. त्यांनी कागद मागितला. म्हणाले, काढून दाखवा, पाणी कुठून शिरतं, कुठं पडतं. तासभर विचारत होते. एवढंच आहे बघ. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही."

दार दिसायला लागलं तशी ती पुन्हा थांबली. "आणखी एक. मी इथून हलणार नाही. नोकरी सोडणार नाही. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलंय. तेही त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार."

नव्हतंच सांगितलं. आत गेल्यावर तिनं आत्याला वाकून नमस्कार केला आणि पहिलं तेच सांगितलं. आत्यानं आप्पांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"म्हंजे आमचा भाऊ नांदाय येनार व्हय तुमच्या घरी?"

"हो, आक्का."

"आवं, पन गड्यानं नांदाय यायचं म्हंजे..." आत्या पुढे काय म्हणणार होती कोण जाणे. तेवढ्यात फळीवरचे पेले किणकिणायला लागले. मग डबे. मग पायाखालची फरशी गुरगुरल्यासारखी झाली. आत्या ओरडली आणि समोर होती तिच्या, म्हणजे त्या बाईच्या, गळ्यात पडली. दोन क्षणांत सगळं थांबलं. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "कुछ नई, छोटा था," आणि गेली. सदुसष्टच्या मोठ्या भूकंपानंतर असले धक्के तिथे येतच असत. लोक गप्पासुद्धा थांबवत नसत.

आत्यानं मात्र तिला सोडलं नव्हतं. ती आत्याची पाठ थोपटत होती. "झालं आक्का, गेला. मी आहे ना."

"तू आशा ठिकानी एकटी ऱ्हातीस?" आत्यानं विचारलं. "तुमी"वरून ती "तू"वर कधी आली ते तिलाही कळलं नसेल.

जेवायला बसलो. स्वयंपाक काही खास नव्हता. भात खाली लागला होता, आमटीत मीठ कमी. ती स्वतःच म्हणाली, आज लक्ष ठिकाणावर नव्हतं. मी खाली मान घालून जेवत होते. तेवढ्यात आप्पांना ठसका लागला. ते उठले, फळीवरचा दुसरा पेला उचलला, खिडकीशी ठेवलेल्या कळशीतून पाणी घेतलं, प्यायले आणि पेला परत उपडा ठेवला.

आमच्या घरी आप्पांनी हातानं पाणी घेतलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आई असताना ते नुसते "पाणी" म्हणायचे. आणि इथं त्यांना पेला कुठला, कळशी कुठली, सगळं न बघता माहीत होतं. मी हात धुतला आणि बाहेर निघून गेले.

चाळींच्या खाली एक कठडा होता. तिथून धरणाची भिंत दिसत होती, राखी रंगाची, दोन डोंगरांच्या मधे अडकवल्यासारखी. मी तिथं बसून पोटभर रडले. आईसाठी रडले, एवढं मला कळत होतं. ती तापानं पडलेली असतानासुद्धा उठून पाणी द्यायची.

थोड्या वेळानं आप्पा आले. शेजारी बसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "घरी सांगाय पायजे हुतं. चार येळा तोंड उघडलं, पन शबूद फुटंना."

मी म्हणाले, "आईला कधी पाणी दिलंत का हो तुम्ही?"

ते हळूच म्हणाले, "न्हाई. तवा कळलं न्हाई. ती गेली, मागनं तू सासरी गेलीस. आक्काचं गुडघं दुखायचं, तवा उठून घ्याय शिकलो."

ते खोटं बोलत नव्हते आणि स्वतःला सोडवूनही घेत नव्हते.

"तू नको म्हनलीस तर न्हाई," ते म्हणाले. "इथनंच माघारी फिरू."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दाढी घोटून केलेली, नखांतलं ग्रीस मात्र निघालं नव्हतं. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं, मुलगा पसंत आहे का. आमच्या भावकीत तेव्हा कोणी मुलीला विचारत नसे. आता तेच मला विचारत होते, आणि ते ओझं मला नको होतं.

"मला विचारू नका आप्पा," मी म्हणाले. "तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला करायचंय," ते म्हणाले.

"मग करा."

एवढंच बोलणं झालं. वर येताना चढावर त्यांनी माझा हात धरला.

आत आत्यानं पिशवीतून नारळ आणि खण काढून ठेवला होता. मला बघून म्हणाली, "ये पोरी. तू वटी भर हिची. सवाष्न हाईस. मला चालत न्हाई."

मी पुढे झाले. पण ती पाटावर बसलेली बाई म्हणाली, "आक्का, तुम्ही भरा."

"आगं, मी..."

"तुम्ही मोठ्या आहात. त्यांना तुम्ही सांभाळलंत. तुम्ही भरलीत तरच घेईन."

आत्या तशीच उभी राहिली. तीस-पस्तीस वर्षांत तिनं कोणाची ओटी भरली नव्हती. लग्नकार्यात ओटीचं ताट आलं की ती आपणहून स्वयंपाकघरात जायची. माझ्याही लग्नात गेली होती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिनं आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "भर की आक्का."

तिनं खण उचलला. ओंजळीतले तांदूळ निम्मे जमिनीवर सांडले. नारळ पदरात टाकल्यावर तिला पुढचं काही सुचेना. मग तिनं त्या बाईचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "त्याला कारलं आवडत न्हाई. करू नगंस." आणि रडायला लागली.

माघात पाटणला नोंदणी करून त्यांचं लग्न झालं. मंडपही नव्हता, वाजंत्रीही नव्हती. वेल्डरच्या बायकोनं सगळ्यांना डोसे करून घातले. माझ्या आयुष्यातले ते पहिले डोसे. चार महिन्यांनी आप्पांनी लेथ ट्रकात घालून कोयनेला नेला आणि नाक्यावर पत्र्याची शेड घातली. इस्लामपुरात लोक हसले. "पन्नाशीत घरजावई झाला," म्हणाले. आप्पांच्या कानावर ते गेलं असेल. त्यांनी कधी विषय काढला नाही. आत्या मुलांकडे गेली.

मला मात्र सोपं गेलं नाही. सासूबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. मग बोलल्या ते असं, "आता तुला म्हायार ऱ्हायलं न्हाई. तिकडं पाय ठिवायचा न्हाई." मी यांना पत्र लिहिलं. उत्तर यायला महिना लागला. यांनी लिहिलं होतं, "आप्पांनी बरे केले. एकट्या माणसाचे कसे होते ते आम्ही इथे रोज पाहतो. आईला मी लिहीन." लिहिलंही असेल. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, आणि ते पत्र वाचून दाखवायला त्यांनी मला सांगितलं नाही.

त्याच वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. इस्लामपूरच्या घराला कुलूप. सासूबाई काही न बोलता महिने मोजत होत्या. सातवा लागला आणि एक दिवस दारात जीप उभी राहिली. आप्पा होते, आणि शेजारी त्या. त्या उतरल्या, सासूबाईंच्या पाया पडल्या आणि सरळ म्हणाल्या, "मला मूल नाही. बाळंतपणातलं काही कळत नाही. पण आमच्या वसाहतीत दवाखाना आहे, नर्स शेजारच्याच चाळीत राहते, आणि मी चार महिन्यांची रजा टाकलीय. पाठवाल का?"

सासूबाईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी पिशवी मात्र त्यांनीच भरली.

ते चार महिने मला अजून आठवतात. सकाळी इतकं धुकं असायचं की समोरची चाळ दिसायची नाही, नुसता प्रायमसचा आवाज यायचा. मी त्यांना "बाई" म्हणायचे, सगळी वसाहत म्हणायची तसं. त्या मला पायांना तेल लावून द्यायच्या आणि तोंडानं बोगद्याच्या गोष्टी सांगायच्या. एक दिवस त्यांनी ऑफिसातून टाकाऊ नकाशांची गुंडाळी आणली आणि मोठ्या पातेल्यात उकळायला टाकली. मला वाटलं, यांना काय झालं. पण त्या चमकत्या कापडावरची खळ सुटली, शाई गेली, आणि हाताला आलं ते मलमलीहून मऊ सुती कापड. त्याची त्यांनी सहा झबली शिवली. एका झबल्याच्या पाठीवर फिकट निळी रेघ राहिली होती. "ही काही केल्या जाईना," त्या म्हणाल्या. "पक्की शाई." मी म्हणाले, राहू दे.

मुलगी झाली. दवाखान्यात आप्पा दाराबाहेर उभे होते आणि त्या माझ्या उशाशी. मला कळ आली की त्या आपला हात पुढे करायच्या. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, त्यांच्या मनगटावर माझ्या नखांचे वळ होते.

पंधराव्या दिवशी सासूबाई एसटीनं आल्या. एकट्या. सोबत भाकरीचं गाठोडं, म्हणजे इथलं खायचं नाही. दाराशी उभ्या राहून त्यांनी आधी छपरावरचं शेवाळ बघितलं, मग दारावरचा नंबर. आत आल्या तेव्हा बाई बाळाला आंघोळ घालायच्या तयारीत होत्या. रोज आंघोळ घालणारी नर्स त्या दिवशी आली नव्हती. तिनं सांगितलं तसं पाय लांब करून पाटावर बसल्या होत्या, पण बाळ पालथं कसं घ्यायचं ते त्यांना जमत नव्हतं आणि भीतीनं त्यांच्या तोंडाला घाम सुटला होता.

सासूबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. लुगड्याचा ओचा खोचला. "उठा," म्हणाल्या. "आसं न्हाई धरायचं." आणि त्यांच्या जागी बसून बाळाला पायांवर घेतलं. "तुमी पानी घाला. लय कडत नगं."

बाईंनी पाणी घातलं. सासूबाईंनी बाळाचं डोकं चोळलं, नाक ओढलं, पाय ताणले. बाई इतक्या लक्ष देऊन बघत होत्या, जसं काही उद्या त्यांना हे सगळं कागदावर उतरवायचं आहे. मधेच त्यांनी विचारलं, "मान आधी का टाळू आधी?" सासूबाई म्हणाल्या, "टाळू." थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाल्या, "पैलं पोर झालं तवा मला बी कळत नव्हतं. सासू मारायची."

दोन दिवसांसाठी आलेल्या त्या, नऊ दिवस राहिल्या. गाठोड्यातल्या भाकरी दुसऱ्या दिवशीच वाळल्या. मग त्या आमच्यात जेवायला बसल्या. आमटीत मीठ कमी आहे हे त्यांनी पहिल्याच घासाला सांगितलं आणि तिसऱ्या दिवसापासून स्वयंपाक हातात घेतला. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांना सुटल्यासारखं झालं. आप्पा दोघींना सारखेच भ्यायचे. पेला उचलून स्वतः पाणी घ्यायचे, आणि सासूबाईंनाही विचारायचे, "तुमाला?" पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा सासूबाई इतक्या गोंधळल्या की नको म्हणाल्या. नंतर घ्यायला लागल्या.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे नाक्यावर त्यांना पोचवायला गेलो. बाळ दुपट्यात, माझ्या छातीशी. कराडची गाडी आली. बाईंनी पिशवी आत ठेवून दिली. सासूबाई पायरीवर चढल्या, वळल्या, आणि वर्षभर जो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा म्हणाल्या, "ईनबाई, द्राक्षं आली की तासगावला या. आन येताना ह्यास्नी बी आना." ईनबाई म्हणजे विहीणबाई, आणि ह्यास्नी म्हणजे आप्पांना. आप्पा टोपी काढून उभे होते, त्यांनी ती घाईघाईनं परत डोक्यावर घातली.

कंडक्टरनं घंटी मारली.